धुऱ्यावरची तार

माझं माहेर कारंज्याला लागून, भाजीच्या मळ्यातलं. भाजी विकणाऱ्या घरातल्या पोरीला संशय घ्यायला वेगळं शिकवावं लागत नाही. बाप काट्यावर टोपली ठेवायचा आणि मी खाली बसून अडत्याचा पाय कुठं आहे ते बघायचे. लग्न होऊन इकडे रिसोडकडे, रिठदच्या वाटेवरच्या गावात आले, तरी सवय सुटली नाही. दूधवाल्याचं दूध मी आधी बोटावर घेऊन बघते. कंडक्टरनं दिलेली नोट उजेडात धरते. नवरा ‘जेवलो’ म्हणाला तरी ताट उष्टं आहे का ते एकदा डोकावून येते. गाव मला यावरून चिडवतं. चिडवू दे! मला आजवर कोणी फसवलं नाही, असं मी छातीठोक सांगायचे.

आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो उडवायला माझं नाव लागलं, तेव्हा मी सगळ्यात आधी त्या मशीनवरच संशय घेतला. वाशिमला पंधरा दिवस ट्रेनिंग झालं. शिकवणारा पोरगेला साहेब म्हणाला, “समोर रडार आहे ताई. अडथळा आला की मशीन आपोआप थांबते.” बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, बाप्पा, आपोआप तर आमच्या घरात चहासुद्धा होत नाही.

म्हणून गावात आल्यावर मी मशीनची परीक्षा घेतली. खळ्यात बैल उभा केला आणि मशीन त्याच्याकडे सोडली. थांबली. खाट उभी केली, थांबली. छत्री उघडून बांबूला बांधली, तरी थांबली. शेवटी नवऱ्याला उभं केलं. तो म्हणाला, “मले कायले मारून राह्यली वं?” पण मशीन त्याच्यापुढंही हवेत अडून राहिली, घूं घूं करत. त्या दिवशी माझा विश्वास बसला. आणि माझं असं आहे की एकदा बसला की बसला, मग मी पुन्हा विचारायला जात नाही.

त्याच साहेबानं आणखी एक गोष्ट वहीत लिहून घ्यायला लावली होती. मशीन पडली तर पहिलं उत्तर पायलटनं द्यायचं. रडार मदतीला आहे, जबाबदारी घ्यायला नाही. उडवण्याआधी वावराला चारी बाजूंनी पायी फेरी मारायची, खांब, तारा, फांद्या बघून घ्यायच्या, आणि पलीकडच्या टोकाला एक माणूस उभा ठेवायचा. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. दुसऱ्यांच्या वावरात मी इमानदारीनं फेरी मारायचे. साडीवर पांढरा शर्ट चढवून, डोक्यावर टोपी घालून मी धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, निघाले की म्हातारेसुद्धा बाजूला व्हायचे. लग्नानंतर इतकी वर्षं मी कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको होते. आता रिठदपासून फोन यायचे आणि ‘पायलटबाई’ कुठं आहेत म्हणून विचारायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. भाजी खुडताना मनात मशीनच उडत असायची.

माझ्या स्वतःच्या वावरात मात्र मी कधी फेरी मारली नाही. एक तर आपलंच वावर, त्यात काय बघायचं? आणि दुसरं म्हणजे धुऱ्याच्या पलीकडे माझे भासरे.

भासरे म्हणजे नवऱ्याचे चुलत मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी तोंडानं बोलायचं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करायचा, वाटेत आले तर बाजूला व्हायचं, त्यांच्यासमोर खाटेवर बसायचं नाही. तेही मला हाक मारत नाहीत, नाव तर घेतच नाहीत. आता कोणी म्हणेल, या जमान्यात? हो, या जमान्यात. मी ड्रोन उडवते आणि भासऱ्यांशी बोलत नाही. दोन्ही चालतं.

पण न बोलता भांडता येत नाही असं कोणी समजू नये. एकोणीस वर्षं आम्ही एका धुऱ्यावरून भांडत होतो. त्यांचं म्हणणं, धुरा कडुनिंबाच्या पलीकडून जातो. आमचं म्हणणं, अलीकडून. मी बैलाच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणायचे, “लोकायले दुसऱ्याचं वावर चांगलं दिसते रे राजा!” मग ते पलीकडून कडुनिंबाला सुनवायचे, “काही काही बाया मोजनीवाल्या अमीन होऊनच जल्मतात बॉ!” बैल आणि कडुनिंब दोघांनी आमचं खूप ऐकून घेतलं.

त्यात ड्रोन आल्यावर नवीनच निघालं. त्यांचा कारल्याचा मांडव आमच्या धुऱ्याला लागून. माझ्या फवाऱ्याचं औषध वाऱ्यानं कारल्यावर येतं, असं त्यांनी नवऱ्याजवळ सांगितलं. मला ते खोटं वाटलं. मला वाटलं, बाई उडवते हे यांना बघवत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डोळा ठेवला. ते मांडवात कधी येतात, कधी जातात, मशीन उडाली की वर बघतात का. बघायचेच. त्यांच्या मक्यावर पोपट येतात म्हणून गळ्यात कायम गोफण असायची. मशीन उडताना त्यांचा हात गोफणीवर गेला की मी मशीन सोडून त्यांच्याकडेच बघायचे.

त्या दिवशी सोयाबीनवर अळी आली होती. नवरा वाशिमला कामाला गेलेला. गटातली माझी सोबतीण आली होती, खरं तर तिनं पलीकडच्या धुऱ्यावर उभं राहायचं, पण मी तिला म्हटलं, “तू बॅटऱ्यायजवळ बस, इथं कोन येऊन राह्यलं मरायले?” मशीन आपल्या नकाशाप्रमाणे ओळ धरून जात होती, वळत होती. आठ-दहा ओळी झाल्या. शेवटी राहिला कडुनिंबाजवळचा कोपरा. धुरा तिथं वाकडा वळतो, म्हणून नकाशावर चालणारी मशीन तो तुकडा सोडून देते. दुसऱ्याच्या वावरात मी असे तुकडे पाठीवरच्या पंपानं करायला सांगते. पण हा तुकडा मला सोडायचा नव्हता. मी आज इथं फवारलं नाही तर उद्या म्हणतील, पाहा, तीच मानते हा कोपरा तिचा नाही! मी ऑटो बंद केलं, मशीन रिमोटनं स्वतःच्या हाती घेतली आणि धुऱ्याच्या अगदी कडेनं आडवी सरकवत नेली.

कर्रर्र आवाज झाला. मशीन एका बाजूला कलली, हवेतच अर्धी गिरकी घेतली आणि सोयाबीनमध्ये उताणी पडली. टाकी फुटली, औषधाचा उग्र वास सुटला. माझ्या हातातला रिमोट नुसता कोकलत होता.

माझी पहिली नजर मशीनकडे गेली नाही. ती गेली धुऱ्याकडे. भासरे तिथंच उभे होते, गळ्यात गोफण, हातात दुपट्टा.

मी सोबतिणीकडे तोंड करून, पण त्यांना ऐकू जाईल असं ओरडले, “पाह्य वं माय, पाह्य! गोफन मारली! मानसाच्या मशीनवर कोनी गोटा मारते काय?”

त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग मिटलं. दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मांडवात निघून गेले. झालं, माझी खात्री पटली. मनात काही नसतं तर माणूस असा पाठ फिरवून गेला असता का?

सोबतीण धावत आली. म्हणाली, “म्या तं काहीच पाह्यलं नाई बॉ. बॅटरी लावून राह्यली व्हती.”

“तुले कधी काही दिसते काय?” मी तिच्यावरच खेकसले.

दिवस मावळायच्या आत पाण्याच्या टाकीजवळ मी एकीला सांगितलं, पिठाच्या गिरणीवर दुसरीला. चौथ्या घरी गोष्ट पोचली तेव्हा गोटा नारळाएवढा झाला होता. मी तो कमी केला नाही.

गटाची बैठक बसली. गटाच्या कागदात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. कोणी मुद्दाम मशीन पाडली असेल तर ठाण्यात तक्रार द्यायची, मशीन दुरुस्त होऊन परत आपल्याकडे येणार. पायलटच्या हलगर्जीनं पडली असेल तर मशीन दुसऱ्या गावच्या गटाकडे जाणार आणि त्या पायलटचं उडवणं बंद. सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, “हलगर्जी कायची? तक्रार लिहा.” पण आधी कंपनीचा माणूस येऊन मशीन बघणार होता.

तो दोन दिवसांनी अकोल्याहून आला. शांत माणूस. त्यानं मशीन समाजमंदिराच्या फरशीवर उलटी केली, लॅपटॉपला वायर जोडली आणि म्हणाला, “ही स्वतःची डायरी लिहिते ताई.” मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्या हातात राहून ही बया माझ्याच मागे लिहीत होती म्हणजे!

“इथं तुम्ही ऑटो बंद केलं,” तो म्हणाला.

“कोपरा सुटते ना जी.”

“आणि आडवी सरकवली.”

“हो.”

“रडार समोर बघतं, ताई. तुम्ही बाजूनं नेली. बाजूला त्याला डोळे नाहीत.” मग त्यानं तुटलेल्या पंखाच्या दांडीवर बोट ठेवलं. तिथं सुतासारखी बारीक, खोल खाच होती. “आणि हे दगडाचं नाही. दगडानं चेपतं, फुटतं. हे तारेनं कापलंय.”

“तिथं तार नाई,” मी म्हटलं. “माहं वावर हाये. मले मालूम नाई काय?”

वावरात जाऊन पाहिलं. तार होती. कडुनिंबाच्या खोडाला, माणसाच्या डोक्याच्या हातभर वर, तिचं एक टोक बांधलेलं लोंबत होतं. दुसरा तुकडा सोयाबीनमधून शोधत गेलो तो थेट कारल्याच्या मांडवाच्या कोपऱ्यावरच्या बांबूपर्यंत. मांडव कलू नये म्हणून भाजीवाले असा तारेचा ताण देतात. धुरा तिथं वळतो, म्हणून ती सरळ तार माझ्या वावराच्या कोपऱ्यावरून गेली होती.

कंपनीचा माणूस तार बोटात धरून म्हणाला, “ही समोरून आली असती तरी रडारनं पकडली असती असं मी सांगू शकत नाही. झाड दिसतं, खांब दिसतो, माणूस दिसतो. बारीक तार, वाळकी काटकी कधी दिसते, कधी नाही. पुस्तकात लिहिलेलं आहे.”

बैल, खाट, छत्री, नवरा. सगळं लावून पाहिलं होतं मी. तार लावून पाहिली नव्हती. आणि माझं सगळं बालपण मांडवाच्या तारांखाली गेलेलं! माझी मलाच इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. पण ती चीड फार वेळ माझ्यावर टिकली नाही. मी लगेच म्हटलं, “मंग तार मुद्दाम बांधली! मले पाडासाठीच बांधली!” दोन दिवस ज्यांना मी गोफण मारणारे म्हणत होते, त्यांना एका मिनिटात मी तार बांधणारे केलं. लाज वाटली का? अजिबात नाही. उलट जोर आला. आता तर पुरावा हातात होता.

संध्याकाळी समाजमंदिरात कागद तयार झाला. अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं की माझ्या भासऱ्यांनी मशीन पाडण्याच्या हेतूनं तार बांधली. खाली पायलट म्हणून माझी सही व्हायची होती. सही झाली की सकाळी कागद ठाण्यात. भासऱ्यांना बोलावणं पाठवलं होतं. ते आले, मागे माझी जाऊ. बाहेर दारात बाया-माणसांची ही गर्दी. मी पदर सारखा केला आणि भिंतीशी सरकले.

भासरे आत आले नाहीत, उंबऱ्याशीच थांबले. मान खाली. माझी जाऊ मात्र रडायलाच लागली. “उभ्या जल्मात ठाण्यात गेले नाई वं हे. लोकं आता म्हनतीन गोटेमार म्हनून. पोरीचे सासरचे काय म्हनतीन?”  मी पदर आणखी पुढे ओढला.

कंपनीच्या माणसानं त्यांना साधं विचारलं, “काका, तार कधी बांधली?”

“आदल्या दिवशी. वाऱ्यानं मांडव कलला व्हता.”

“मग मशीन तिकडे येताना दिसली तेव्हा सांगितलं का नाही?”

प्रश्न माझ्याबद्दलचा होता, म्हणून भासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. “त्यायले सांग, दुपट्टा हालवला म्हनावं. दोनी हातानं हालवला.”

बाहेर कुजबुज झाली. एक जण हसलाही. पण ते खरं होतं. मी पाहिलं होतं. मशीन पडल्यावर नाही, पडायच्या आधी. मी ती कोपऱ्यात आडवी सरकवत होते तेव्हा धुऱ्यावर दोन हात वर झालेले, दुपट्टा फडफडत होता, ते मला डोळ्याच्या कडेनं दिसलं होतं. मला वाटलं, हाकलून राह्यले मले, माझ्याच वावरातून. आणि मी रिमोटची दांडी सोडायची तर आणखी दाबली. हे मी सोबतिणीला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, कोणालाच नाही. माझं मलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

मी पदर धरला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून बोलले. 

“आवाज कायले नाई देला?”

 जावेचं रडणं थांबलं. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बायकोलाच म्हणाले, अगदी हळू, “तिले म्हनावं, देला असता तं तिनं आयकला असता काय?”

 उत्तर मला माहीत होतं, तेच तर दुखत होतं. भासरे रीत मोडून गळा फाटेस्तोवर ओरडले असते, तरी मी म्हटलं असतं, पाहा, आता तर तोंडानंच भांडायला उठले.

कंपनीच्या माणसाला माझी दया आली असावी. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “ताई, हा कागद फाडू. मी माझ्या अहवालात लिहितो, तार बारीक होती, सेन्सरला दिसली नाही. खोटं काहीच नाही त्यात. कोणाचंच नाव नको. मशीनही बहुतेक इथंच राहील.”

मला ते हवं होतं. देवाशपथ, मला ते इतकं हवं होतं की माझा हात पुढे गेला. मशीन राहिली असती, टोपी राहिली असती, पायलटबाई राहिली असती. पण मग गावात तो नारळाएवढा गोटाही राहिला असता. रडारचं काय ते अहवालात गेलं असतं आणि गोफणीची गोष्ट गिरणीवर, टाकीजवळ, लग्नाच्या पंगतीत फिरत राहिली असती. माझ्या जावेच्या पोरीच्या सासरपर्यंत.

“नाई,” मी म्हटलं. “असं लिहा. तार रडारले दिसली नाई, हे लिहा. पन भासऱ्यायनं इशारा देला व्हता. पायलटनं थो पाह्यला, अन् मशीन थांबवली नाई.”

सोबतीण माझा हात ओढत म्हणाली, “अवं, मशीन जाईन वं!”

“जाऊ दे.”

तो लिहीत गेला. मी सही केली. मग म्हटलं, “अन् गोफन मारली म्हनून मी गावभर खोटं सांगत फिरली, थेही लिहा.”

त्यानं कागद वरून खाली पाहिला. “त्याला रकाना नाही, ताई.”

मग मी उंबऱ्याकडे गेले. भासरे बाजूला सरकले. बाहेर अर्धं गाव उभं होतं, आणि जे रकान्यात बसत नव्हतं ते मी गावाला मोठ्यानं सांगितलं.